अडतिसाव्या वर्षी पोलीस भरती : आमच्या घराची अडीच वर्षं

31 ऑक्टोबर 2022 ला हे फौजेतून सुटले आणि तिसऱ्या दिवशी काळी ट्रंक घेऊन घरी आले. 17 वर्षांची नोकरी, हुद्दा नाईक, वय 38. ट्रंक माळ्यावर चढवताना आत्या म्हणाल्या, "आता ही परत खाली काढायची नाही." आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मलाही तसंच वाटलं होतं. लग्नाला 14 वर्षं झाली होती. त्यातली एकत्र किती गेली, ते मी एकदा वहीत मांडून पाहिलं होतं. दर वर्षाची 60 दिवसांची वार्षिक रजा, मिळाली तर किरकोळ रजा आणि मध्ये दोन वर्षं फॅमिली क्वार्टर मिळालं होतं ते. सगळं धरून पाच वर्षंही भरत नव्हती.

ट्रंक अकरा महिन्यांत खाली उतरली. आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरात फौजी आहेत आणि निवृत्तीनंतर पोलीस भरतीचा विचार बरेच जण करतात. मैदान कसं मारायचं, अभ्यास कुठला करायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. घरात काय होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून लिहिते आहे.

विचार का केला ते आधी सांगते. पेन्शन महिना साधारण 21 हजार. दीड एकर रान, त्यातलं निम्मं कोरडवाहू. मोठी आठवीत, धाकटा दुसरीत, आत्यांचे गुडघे आणि साखर. निवृत्त फौजीला पहिली विचारणा होते ती सुरक्षारक्षकाच्या नोकरीची. पुण्याजवळच्या एका कंपनीतून आलीसुद्धा, बारा तास आणि 14 हजार. हे दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "उभंच राहायचंय तर सरकारी वर्दीत राहतो." पोलीस भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे आणि वयात फौजेतली सेवा अधिक तीन वर्षं एवढी सूट मिळते. म्हणजे 38 व्या वर्षीही दार उघडं होतं.

अर्ज 9 नोव्हेंबरला सुरू झाले होते. पहिला वाद झाला तो जिल्ह्यावरून. एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, अर्ज करता येतो. मुंबईला जागा जास्त, साताऱ्यात कमी. यांचे मित्र मुंबई म्हणत होते. मी स्पष्ट सांगितलं, मुंबईच भरायची असेल तर फौज सोडायलाच नको होती. हे माझ्यावर चिडले नाहीत, पण दोन रात्री त्यांना झोप लागली नाही, कारण साताऱ्यात हुकलं तर वर्ष जाणार होतं. शेवटी सातारा भरलं. तो हट्ट बरोबर होता असं मला आजही वाटतं.

फॉर्म मी भरला. फी खुल्या प्रवर्गाची 450 रुपये. कागद मात्र सोपे नव्हते. दहावीच्या दाखल्यावर पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट, आणि सेवामुक्तीच्या पुस्तकात फक्त नाव आणि आडनाव. धाकट्याच्या जन्मतारखेत एका कागदावर एक दिवसाचा फरक. नावासाठी शपथपत्र करायला नोटरीसकट 400 रुपये गेले. जन्मतारखेसाठी रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार करावा लागला, त्यात सात आठवडे गेले. ज्यांचे मालक अजून नोकरीत आहेत त्यांनी एवढं करा: युनिटच्या क्लार्ककडे बसून बायकोचं नाव, मुलांची नावं, जन्मतारखा आधार आणि दाखल्यांशी जुळवून घ्या. तिथे हे काम एका जागी होतं, घरी आल्यावर चार कार्यालयं फिरावी लागतात. माजी सैनिक ओळखपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून काढलं. अधिवास, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र, पेन्शनचा आदेश, सगळ्याच्या पाच-पाच प्रती काढून मी एक निळी फाईल केली. मुदत शेवटी 15 डिसेंबरपर्यंत वाढली, पण आम्ही 26 नोव्हेंबरलाच अर्ज भरून मोकळे झालो होतो. शेवटच्या दिवसांत संकेतस्थळ अडखळत होतं आणि सायबर कॅफेत पोरं रात्री दोन वाजेपर्यंत बसून होती.

मैदान 2 जानेवारी 2023 पासून सुरू होणार होतं. 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, मिळून 50 गुण. 1600 ला पूर्ण 20 गुण हवे तर पाच मिनिटं दहा सेकंदात धावायचं, आणि ते अडतिसाव्या वर्षी, वीस वर्षांच्या पोरांबरोबर. फौजेत असताना हे रोज धावायचे, पण शेवटची दोन वर्षं स्टोअरमध्ये होते आणि उजवा गुडघा कुरकुर करत होता. पहाटे पाचला कालव्याच्या रस्त्यावर पळायचे. मी गरम पाण्याची पिशवी तयार ठेवायची. 7.26 किलोचा लोखंडी गोळा भावाने तालमीतून आणून दिला, बूट 2,800 रुपयांचे घेतले. मैदानात 50 पैकी 32 गुण पडले. पन्नास टक्के लागतात, म्हणजे पास होते, पण पोरांच्या मानाने कमी. ती तूट लेखीत काढायची होती.

हा तीन महिन्यांचा काळ आमच्या घरातला सगळ्यात चांगला काळ होता. लेखी 100 गुणांची: गणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. गणित यांनी शाळेनंतर हातात धरलं नव्हतं. त्याच वर्षी मोठीची आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा होती, 12 फेब्रुवारीला. बुद्धिमत्तेची कोडी दोघांची जवळपास सारखीच. रात्री जेवणं झाली की बापलेक एकच पुस्तक मध्ये ठेवून बसायचे. घड्याळाच्या काट्यांचे कोन, नातेसंबंध, शेकडेवारी. शेकडेवारी ती यांना शिकवायची. "पप्पा, आधी शंभर धरा मग बोला," असं दटावायची. 14 वर्षांत बाप आणि लेक सलग इतके दिवस एका चटईवर बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी भाकरी थापता थापता समानार्थी शब्द विचारायची. आत्या कोपऱ्यात जप करत ऐकायच्या आणि यांचं उत्तर चुकलं की माळ थांबायची.

2 एप्रिलला रविवारी लेखी झाली. त्यांना 78 पडले, एकूण 110. यादीत नाव लागलं त्या दिवशी आम्ही पेढे वाटले नाहीत, कारण शेजारच्या एका पोराचं दोन गुणांनी हुकलं होतं आणि त्याच्या आईला मी रोज पाणवठ्यावर भेटत होते.

मग वाट पाहणं. कागदपत्र पडताळणी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी. पडताळणीला ठाण्यातून एक जमादार घरी आले, आत्यांनी त्यांना आधी जेवायला बसवलं. जुलैत नेमणुकीचा आदेश आला, मुख्यालयात हजर झाले, बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा स्वतःचा क्रमांक, मिळाला. प्रशिक्षणाला जालन्याला जायचा आदेश सप्टेंबरमध्ये निघाला आणि गौरी बसल्या त्या दिवशी ट्रंक माळ्यावरून उतरली. झाकणावर पांढऱ्या रंगात फौजेचा नंबर होता. मोठीने तो पुसू दिला नाही. त्याच्या खाली तिने बक्कल नंबर रंगवला.

नऊ महिन्यांचं प्रशिक्षण. यांना शारीरिक जड गेलं नाही, कायदा जड गेला. आणि आणखी एक गोष्ट, जी मला त्यांनी फार उशिरा सांगितली. फौजेत हाताखाली आठ-दहा जवान होते. इथे बराकीत बाजूच्या खाटेवरचं पोरगं वीस वर्षांचं, आणि हुकूम देणारे आपल्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. पोरं यांना 'फौजी' म्हणायची, मान द्यायची, पण रांगेत सगळे एकच. ज्या घरातून पुरुष असा नव्याने शिपाई होतो, त्या घराने हे आधीच बोलून घ्यावं. आम्ही बोललो नव्हतो. त्या महिन्यांत फोनवर हे तुटक का बोलतात, ते मला कळत नव्हतं आणि मी उगाच पैशांचं काहीतरी असेल असं समजून काळजी करत बसले. पेन्शन चालू होतं, पगारही सुरू झाला होता, तशी चिंता नव्हतीच.

जून 2024 मध्ये दीक्षांत संचलन झालं. आम्ही चौघं गेलो, जाऊन-येऊन आणि एका रात्रीच्या लॉजसकट 6,200 रुपये खर्च. धाकटा तिथून आल्यापासून चालताना हात झुलवतो.

घरापासून 40 किलोमीटरवरचं ठाणं मिळालं. क्वार्टरसाठी यादी होती, म्हणून मुलांच्या शाळेजवळ साताऱ्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, महिना 6,500. मी मनात हिशेब केला होता की आता माणूस रोज रात्री जेवायला घरी असेल. पहिल्याच आठवड्यात बंदोबस्ताचा आदेश आला. माऊलींची पालखी नीरा ओलांडून जिल्ह्यात येते, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत पुढे जाते. सहा दिवस हे घरी आले नाहीत. मी चांदोबाच्या लिंबाचं रिंगण टीव्हीवर पाहत होते आणि प्रत्येक खाकी टोपीत यांना शोधत होते. सप्टेंबरात गणपती. आमच्या घरचा गणपती 14 वर्षांत यांनी तीनदाच बसवला असेल. यंदा नक्की, असं मी मुलांना सांगून बसले होते. 7 सप्टेंबरला सकाळी सहाला हे गेले ते रात्री पावणेबाराला आले. अनंत चतुर्दशीला, 17 तारखेला, 22 तास उभे होते. मग दसरा, दिवाळी, 20 नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, 23 ला मोजणी. जानेवारीत मांढरदेवीची यात्रा.

मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला, ते शोधायला मला चार महिने लागले. फौजेत रजा लांब होती, पण ठरलेली होती. रजेचा कागद सही होऊन आला की मी कॅलेंडरवर फुली मारायची आणि मुलं दिवस मोजायची. इथे माणूस चाळीस किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी येईल की नाही, हे त्यालाही माहीत नाही. साप्ताहिक सुट्टी असते, पण बंदोबस्त लागला की जाते. किरकोळ रजा वर्षाला 20 आहेत, पण ज्या दिवशी आपल्याला हव्या त्याच दिवशी सगळ्या गावाला पोलीस हवा असतो. रोज ताट वाढून ठेवायचं, रोज झाकून ठेवायचं. धाकटा खिडकीत बसून राहायचा. ऑक्टोबरात एक दिवस मी यांना सांगितलं, "येतो म्हणू नका. जमलं की या." तेव्हापासून मुलांना तारीख सांगायची नाही असं ठरवलं. सण आम्ही यांच्या सुट्टीला करतो. लक्ष्मीपूजन मुहूर्तावर आत्या करतात, पण फराळाचं एकत्र ताट आम्ही दिवाळीनंतर चौथ्या दिवशी मांडलं. नातेवाइकांना विचित्र वाटलं. मुलांना आवडलं.

नातेवाइकांवरून आठवलं. नेमणूक झाल्याच्या पंधरवड्यात फोन सुरू झाले. कुणाची मोटारसायकल अडवली, कुणाचा बांधाचा वाद, कुणाला पासपोर्टची पडताळणी लवकर हवी. हे सरळ नाही म्हणतात. फौजेतून आलेल्या माणसाला त्याची सवय असते, पण ज्यांना 'नाही' ऐकावं लागतं ते नंतर मला फोन करतात. माझ्या सख्ख्या मावसभावाने बांधाच्या भांडणात समोरच्याला 'जरा बोलावून दम द्या' असं सांगितलं. यांनी दिला नाही. तो दिवाळीत आला नाही, त्याच्या मुलीच्या बारशालाही आम्हाला बोलावणं नव्हतं. मला फार लागलं ते. त्याच्या हातून मी माहेरी पहिल्यांदा सायकल शिकले होते. आता मी फोनवर एवढंच म्हणते, की तक्रार ठाण्यात द्या, पोच घ्या, 112 ला फोन करा, घरून काही होणार नाही. हे एकदा ठामपणे बोललं की फोन कमी होतात. बोलायला मला सहा महिने लागले.

आता जे लिहायचं आहे ते लिहावं की नाही, यावर मी बरेच दिवस अडले होते. मोठीला विचारलं. ती म्हणाली, लिही.

ऑगस्टमध्ये एका रात्री हे अडीच वाजता आले आणि अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसले. मी काही विचारलं नाही. महामार्गावर अपघात झाला होता. क्लासवरून येणारी मुलगी, आमच्या मोठीएवढी. पंचनामा होईपर्यंत हे तिथे होते आणि तिच्या वडिलांना घरी जाऊन सांगण्याचं काम यांच्याकडे आलं होतं. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. फौजेत यांनी मरण पाहिलं नव्हतं असं नाही. पण सीमेवर पाहिलेलं घरी येईपर्यंत मागे राहायचं, मध्ये दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास असायचा. इथे चाळीस किलोमीटर, पाऊण तास, की समोर आपली लेक झोपलेली.

त्यानंतर यांनी मोठीची सायकल बंद केली. कारण सांगितलं नाही. क्लासला जाताना फोन, पोचल्यावर फोन, निघताना फोन. मैत्रिणीकडे अभ्यासाला जायचं नाही. तिचा मोबाईल बघायला मागितला. दहावीचं वर्ष, पंधरा वर्षांची पोर. एक दिवस ती ताटावरून उठली आणि म्हणाली, "तुम्ही लांब होता तेव्हा माझ्याशी हसून तरी बोलायचात. आता घरी येता आणि माझीच चौकशी करता." आत्या तिच्यावर ओरडल्या. हे काही बोलले नाहीत, वर्दी घालून नाईटला गेले. पुढचे पंधरा-सोळा दिवस दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी मध्ये उभी राहून इकडचं तिकडे सांगत होते, आणि चटईवरचं ते पुस्तक आठवून मला रात्री रडू यायचं.

मार्ग आत्यांनी काढला. त्या यांना म्हणाल्या, "तुला जे दिसलं ते तिला सांग. नाही सांगणार तर तिला तू नुसता दांडगा दिसशील." एका रविवारी हे तिला गच्चीवर घेऊन गेले. काय बोलले ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. खाली आल्यावर तिने स्वतः सायकलला कुलूप लावलं आणि म्हणाली, परीक्षा होईपर्यंत एसटीने जाते, पण मोबाईल दाखवणार नाही. हे हो म्हणाले.

आम्ही तेव्हापासून एक गोष्ट पाळतो. हे घरी आले की आंघोळ आणि चहा होईपर्यंत कुणी काही विचारायचं नाही, आणि झाल्यावर हे आपणहून एक वाक्य सांगतात. "आज जड होतं," किंवा "आज नुसते समन्स वाटले." एवढ्याने पुरतं. पोलिसांच्या बायकांनी मला असं बरंच शिकवलं. वरच्या मजल्यावर एक ताई राहतात, त्यांचे मालक 24 वर्षं खात्यात आहेत. डब्यात भात देऊ नका, बंदोबस्तावर आंबतो, दशम्या द्या. पायमोज्यांचे चार जोड ठेवा. घरातली आजारपणं आपल्या एकटीला निभावता येतील अशी तयारी ठेवा. म्हणून ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, आत्यांच्या तपासण्यांची फाईल, बँकेचं संयुक्त खातं सगळं माझ्या हाताशी आहे. डिसेंबरात आत्यांची साखर 40 पर्यंत खाली आली तेव्हा हे फोन उचलू शकत नव्हते. मी साखरेचं पाणी पाजलं, रिक्षा केली आणि दवाखान्यात पोचल्यावर यांना एकच ओळ पाठवली. हे चार तासांनी आले. त्या चार तासांत मला यांचा राग आला नाही. सहा महिन्यांपूर्वी आला असता.

यांची स्वतःची तब्येत हा अजून न सुटलेला प्रश्न आहे. वजन सात किलो वाढलं, रक्तदाब 150 च्या खाली येत नव्हता, गोळी सुरू केली. पहाटेचं पळणं नाईट ड्युटीत बसत नाही. सुट्टी मिळाली की झोपू द्यावं की चालायला पाठवावं, हे मला अजून कळत नाही.

21 फेब्रुवारी 2025 ला दहावी सुरू झाली. मोठीचा पहिला पेपर मराठीचा. हे त्या दिवशी दुसऱ्या तालुक्यातल्या एका परीक्षा केंद्राबाहेर बंदोबस्ताला होते, दुसऱ्यांची मुलं आत सोडत. आदल्या रात्री तिच्या पॅडवर त्यांनी नवीन रबर बँड लावून ठेवला होता.

बीजगणिताचा पेपर झाला त्या रात्री हे साडेअकराला आले. आत्या झोपल्या होत्या, धाकटाही. आंघोळ झाली, चहा झाला. मोठी प्रश्नपत्रिका घेऊन बाहेर आली आणि काही न बोलता चटई अंथरली. यांनी चष्मा शोधला. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला यांनी उत्तर सांगितलं, तिने मान हलवली आणि म्हणाली, "पप्पा, आधी शंभर धरा."

मी दिवा तसाच चालू ठेवून आत आले. सकाळी साडेसहाला यांची हजेरी होती.